आमच्या गाडीतली पुढची सीट

एका गाडीत नऊ वर्षं तीच चार माणसं रोज बसली की किस्से साठतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. आमची जुनी हॅचबॅक विकताना डिकीत पाच छत्र्या निघाल्या, आणि पाचांतली एकही आमच्यापैकी कोणाची नव्हती. तसंच हे. डिकी रिकामी केलीच आहे, तर म्हटलं किस्सेही बाहेर काढावेत. बहुतेक ठिकाणी गाढव मीच आहे, त्यामुळे कोणाची बदनामी होण्याची भीती नाही.

आधी माणसं सांगतो. मी देवधर, पुण्याचा, बंगळुरात अठरा वर्षं. गाडी माझी, स्टिअरिंग माझं. माझी बायको नीता, हिचं ऑफिस माझ्याच रस्त्यावर. आमच्या ऑफिसच्या अ‍ॅडमिनमधले जाधवअण्णा, रिटायरमेंटला टेकलेले. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, त्यामुळे अण्णा मला अजून चार दिवस राहायला आलेला पाहुणा समजतात. आणि तृप्ती, नागपूरची, माझ्या टीममधली टेस्टर. ही जेवणाच्या डब्यातही बग शोधते.

राजाजीनगरहून निघायचं आणि हेब्बाळच्या पुढे पोचायचं. कोणी कुठे बसायचं ते पहिल्याच दिवशी ठरलं. अण्णा वयाने मोठे, त्यात गुडघा दुखरा, म्हणून मी पळत जाऊन पुढचं दार उघडून धरलं. नीता आणि तृप्ती मागे. पुढे नऊ वर्षं मी रोज पळत जाऊन दार उघडत होतो आणि ह्या संस्काराबद्दल स्वतःवर खूष होतो.

* * *

मग एक दिवस हॅचबॅकचा तिसरा गिअर पडेना. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. नवीन गाडी घेणं भाग होतं.

समोर दोन गाड्या होत्या. एक हायब्रिड सेडान. चार दारं, भरपूर डिकी, इंजिनाचा आवाज नाही, कोणत्याही सासऱ्याला जावई म्हणून पसंत पडेल अशी. दुसरी मल्लेश्वरममध्ये होती. मूर्ती सर नावाच्या रिटायर्ड शास्त्रज्ञांनी जपानहून परत येताना एक इवलीशी हायब्रिड बरोबर आणली होती, ती ते आता विकत होते. चपटी, चांदीच्या रंगाची, आणि सीट दोनच.

मी ती पाहिली आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी माझं जे झालं ते सांगायला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मी गॉगल घेतला.

पण मामला सोपा नव्हता. सेडान घेतली तर चौघंही राहणार होतो. ती छोटी घेतली तर नऊ वर्षांची सोबत मोडून दोघांना उतरवावं लागणार होतं. कोणत्या दोघांना, हे तोंडाने म्हणायची माझी हिंमत होत नव्हती.

* * *

मूर्ती सर म्हणाले, रविवारी येऊन चालवून बघा. आम्ही चौघंही गेलो.

मी ड्रायव्हरच्या जागी बसलो, स्टिअरिंगवरून हात फिरवला, आणि सवयीने पुन्हा उतरलो. वळसा घालून पलीकडे गेलो, दुसरं दार उघडलं आणि म्हणालो, “या अण्णा.”

अण्णांनी नीताकडे पाहिलं. नीताने माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “बसा ना अण्णा. गुडघ्याला जमतंय का ते तरी कळेल.”

अण्णा दोन हप्त्यांत आत शिरले. आम्ही आठव्या क्रॉसच्या गल्लीपासून अठराव्या क्रॉसच्या गल्लीपर्यंत झोकात जाऊन आलो. परतलो तेव्हा नीता आणि तृप्ती आमच्या सगळ्यांच्या पिशव्या धरून फुटपाथवर उभ्या होत्या. अण्णांना बाहेर काढायला तिघं लागली.

“कशी आहे?” मी विचारलं.

“चांगली आहे,” अण्णा पाठ सरळ करत म्हणाले. “पण हिच्यात बसायचं नसतंय सर. हिला घालायचं असतंय, शर्टासारखं.”

मिसेस मूर्ती नीताला म्हणाल्या, तुम्हीही एक चक्कर मारा की. नीता लग्नाआधी कोल्हापुरात वडिलांची जीप चालवायची. पण इथलं ट्रॅफिक वेगळं, असं सांगून अठरा वर्षं मी चावी माझ्याच खिशात ठेवली होती. “छे, तिला सवय नाही आता,” मी परस्पर सांगून टाकलं.

“नंतर बघू,” नीता म्हणाली.

* * *

शेवटी मी धीर केला. मेख्री सर्कलच्या सिग्नलला, नव्वद सेकंद हाताशी आहेत असं बघून, मी म्हणालो की बहुधा ती छोटीच घेईन. अण्णांनी सिग्नलचे उरलेले सेकंद मोजायला घेतले.

दुसऱ्या दिवशी गाडीत मागच्या सीटवरून तृप्तीने मला एक कागद दिला. सोमवार अण्णा, मंगळवार तृप्ती, बुधवार वहिनी, गुरुवार अण्णा, शुक्रवार तृप्ती. ज्याचा वार त्याने माझ्याशेजारी बसायचं, बाकीच्या दोघांनी बसने यायचं.

“तुम्हाला काय वाटलं, आम्ही सुटलो?” ती म्हणाली. “असं कसं सोडून देऊ सर तुम्हाला?”

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. मी इतके दिवस ह्या माणसांना उतरवायचे बेत करत होतो आणि ही माणसं माझ्यासाठी वार वाटून घेत होती.

तेवढ्यात मागून नीताचा आवाज आला. “मला बुधवार?”

एवढंच म्हणाली. मला वाटलं, तिला वार आवडला.

* * *

मग मी आमच्या धंद्यातले लोक करतात ते केलं. एक्सेल शीट बनवली.

तेवीस ओळी होत्या. मायलेज, डिकी, खड्डे, पार्किंग, स्पेअर पार्ट. अण्णांचा गुडघा. तृप्तीची लॅपटॉप बॅग. अण्णांचा सांबाराचा डबा वळणावर सरळ राहतो का, ह्यालाही वेगळी ओळ होती. प्रत्येक ओळीला वजन दिलं आणि बेरीज केली. सेडान इतक्या फरकाने जिंकली की मी वजनं बदलली. तरी जिंकली. शेवटी मी ‘ड्रायव्हरचा आनंद’ अशी चोविसावी ओळ घातली आणि तिला बाकी सगळ्यांच्या दुप्पट वजन दिलं. आता छोटी जिंकली. मग अगदी निःपक्षपाती चेहऱ्याने मी शीट तृप्तीला तपासायला पाठवली.

ती लंचला लॅपटॉप घेऊनच आली. “टेस्ट फेल आहे सर.”

“वजनं जरा...”

“वजनांचं नाही म्हणत मी. अण्णांचा गुडघा आहे, अण्णांचा डबा आहे, माझी बॅग आहे. वहिनी कुठे आहेत?”

मी म्हणालो, असेल, एखादी ओळ लपली असेल. लपलेल्या ओळी दाखवायची सोय असते, ती मी दोनदा वापरली. एकही ओळ लपलेली नव्हती.

सांबाराच्या डब्याला ओळ होती आणि नीताला नव्हती. मला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. मी पंचविसावी ओळ घातली, ‘नीता’ असं लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात काय लिहावं ते मला कळेना. कारण तिला कोणती गाडी हवी हे मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी घरी जाऊन विचारलं. ती कढीपत्ता निवडत होती.

“सेडान घे,” ती म्हणाली. “चौघं बसतात.”

“ते झालं. पण तुला काय हवंय?”

“मला पुढून रस्ता बघायचाय,” ती म्हणाली. “नऊ वर्षं मी अण्णांचं टक्कल बघतेय.”

* * *

म्हणजे सेडान घ्यायची आणि पुढची सीट नीताला द्यायची. निर्णय झाला. आता फक्त अण्णांना मागे बसा म्हणायचं होतं.

आठवडाभर मी बाथरूममध्ये तालीम केली. मग एका दुपारी ऑफिसखालच्या कॉफीच्या टपरीवर विषय काढला.

“अण्णा, नव्या गाडीत मागची सीट फार ऐसपैस आहे.”

“हो काय?”

“पाय लांब करता येतात. गुडघ्याला उत्तम.”

“सरी, बरं.”

“मागे एसीसुद्धा वेगळा आहे.”

अण्णांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. “सर, मला पहिल्या दिवसापासून मागंच बसायचं होतं. पुढं बसलं की तुमचं ड्रायव्हिंग दिसतंय. बीपी वाढतंय माझं.”

“मग नऊ वर्षं बोलला का नाहीत?”

“तुम्ही पळत येऊन दार उघडता,” अण्णा म्हणाले. “पळत आलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं?”

* * *

नीताचं त्या दिवसांत जरा विचित्र चाललं होतं, पण मी सेडानचा रंग निवडण्यात गुंतलो होतो. दर शनिवारी सकाळी ती भाजीला म्हणून मल्लेश्वरमला जायची आणि दोन तासांनी एक कोथिंबिरीची जुडी घेऊन यायची. मिसेस मूर्तींचा नंबर तिने माझ्याकडून मागून घेतला, मेतकुटाची कृती द्यायचीय म्हणाली. एकदा ती आमच्या बिल्डिंगखाली पाण्याच्या टाकीचं झाकण आणि भिंत ह्यांच्यामधली जागा टेपने मोजत होती.

“काय मोजतेयस?”

“कुंड्या ठेवायच्यात,” ती म्हणाली.

मी टेपचं दुसरं टोक धरलं.

* * *

सेडान बुक केल्यावर मूर्ती सरांना फोन केला. म्हटलं, सर, मनात फार होतं, पण जमत नाही.

“हरकत नाही,” ते म्हणाले. “ती गेलीसुद्धा. घेणाऱ्यांनी पाच वेळा चालवून पाहिली. क्लच तुमच्यापेक्षा हळुवार सोडतात.”

घरी आल्यावर मी नीताला ही दुःखद बातमी सांगितली. तिने माझ्यापुढे चहा ठेवला.

“चांगल्या घरी गेली असेल,” ती म्हणाली.

* * *

सेडानचा पहिला दिवस. चाकांखाली चार लिंबं ठेवली, अण्णांनी नारळ फोडला, बॉनेटला कुंकू लावलं. मी पळत निघायच्या आत अण्णांनी स्वतःच मागचं दार उघडलं, आत बसले, गुडघा सरळ केला आणि कन्नड पेपर उघडला.

मी वळसा घालून गेलो आणि पुढचं दार उघडून धरलं. आज पहिल्यांदा नीतासाठी. दोन वाक्यंही तयार ठेवली होती. नीता वीस मिनिटांपूर्वीच खाली उतरली होती, पण कुठे दिसत नव्हती. तृप्तीही बॅग घेऊन फाटकापाशीच उभी होती, आत बसायचं नाव घेत नव्हती.

कोपऱ्यावरून चांदीच्या रंगाची एक चपटी गाडी वळली आणि आमच्या फाटकासमोर थांबली. काच खाली आली. ड्रायव्हरच्या जागी नीता होती. डोळ्यांवरचा गॉगल माझा होता.

“तृप्ती, येतेस?”

“बुधवार आहे ना वहिनी आज, तुमचा वार,” तृप्ती म्हणाली आणि बॅगेसकट आत शिरली.

नीताने माझ्याकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं. “अरे, छान दिसतेय सेडान,” ती म्हणाली आणि क्लच हळुवार सोडला. मी धरलेलं दार लावलं आणि एकटाच पुढे बसलो.

मेख्री सर्कलच्या सिग्नलला ती आमच्या तीन गाड्या पुढे होती. दोघी कशावर तरी हसत होत्या. सिग्नल पिवळा असतानाच दोघी निघून गेल्या आणि मी लालला अडकलो. शेजारची सीट रिकामी. मागे अण्णा पाय लांब करून पेपर वाचत होते.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. मोठी सूटकेस घेतलेला एक माणूस घाईत वाकून आत बघत होता. मी काच खाली केली.

“एअरपोर्ट?” त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी मागून, पेपरातून मान वर न काढता, अण्णांनी उत्तर दिलं.

“इल्ला सार. गाडी बुक आहे.”