किमयेवर पीएच.डी.

जुन्या अमेरिकन कादंबऱ्यांतली किमया हा माझ्या पीएच.डी.चा विषय. शिशाचं सोनं करायची जी जुनी विद्या, तिच्या खुणा त्या कादंबऱ्यांत जागोजागी सापडतात, असं माझं म्हणणं. माणूस घर सोडून लांब जातो, आधी जळून काळा पडतो, मग धुतला जातो, मग उजळतो; सोनं म्हणजे आतून बदललेला माणूस. हे सगळं मी मंगळवेढ्याला घरी जेवताना सांगितलं, तीच चूक झाली. जन्मभर मेंढरं राखलेल्या माझ्या वडिलांनी, आबांनी, त्यातलं शिसं आणि सोनं तेवढं उचललं. आत्मा भाकरीबरोबर गिळला.

महिन्याभरात गावभर झालं, की आबांचा धाकटा सोलापुरात सोनं करायला शिकतोय. सात वर्षं 'अजून शिकतोच व्हय?' म्हणणारी माणसं मला खुर्ची पुसून देऊ लागली. खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खुर्ची बरी वाटत होती.

मग तोंडी परीक्षेचा दिवस आला. ती खुली असते. कुणीही यावं, कुणीही प्रश्न विचारावा. विचारत मात्र कुणी नाही, कारण नंतर उमेदवाराकडून जेवण असतं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडं. आबा सकाळच्या एसटीनं आले, पटका बांधून, पिशवीत ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीतलं शिसं घेऊन.

"सगळ्यांम्होरं करून दाव की," म्हणाले.

"आबा, इथं सोनंबिनं काही होत नाही! पुस्तकांवर लिहिलंय मी. आणि आत एक अक्षर बोलायचं नाही." माझा आवाज नको तेवढा चढला.

"बरं," म्हणाले, आणि पिशवी पायाशी घेऊन मागच्या रांगेत बसले.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांना मी फाडफाड उत्तरं दिली. आता "सभागृहातून कुणाला काही?" एवढं पार पडलं, की मी डॉक्टर. बाहेरून मसालेभाताचा वास यायला लागला होता. तेवढ्यात आबा उठले. शिसं बाहेर निघालं, की सातही वर्षं हसण्यावारी जाणार.

"सायेब, मला लिवायवाचाया येत न्हाय," आबा म्हणाले. "पर ह्या पुस्तकातली मानसं लई लांब जात्यात, जळत्यात, बदलत्यात म्हनं. बदलून घरी येत्यात का? आन् आली, तर बापाशी धड बोलत्यात का?"

कुणी हसलं नाही. परीक्षक चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. तीनशे पानं लिहिली होती मी. त्यात बाप कुठंच नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"याचा विचार प्रबंधात केलेला नाही," मी कसंबसं म्हणालो.

"करायला हवा होता," परीक्षक म्हणाले, आणि 'सुधारणा आवश्यक' असा शेरा मारून त्यांनी मला डॉक्टर केलं.

जेवायला आबांच्या शेजारी बसलो. माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "आबा, भात घ्या."