यादीवाले

कचेरीत त्यांना सगळे यादीवाले म्हणत, आणि तोंडावर म्हणत. नदीच्या पाण्यावर नजर ठेवणारी तीन ठाणी, तीन साहेबांनी तीन वेळा घेतलेले तीन संगणक, आणि त्यांची देखभाल करणारा हा एकटा माणूस. तिन्ही संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टीम युनिक्सच्याच घराण्यातल्या, पण जावा-जावांसारख्या. आडनाव एक, डबे ठेवायची पद्धत प्रत्येकीची निराळी. एकीला पॅकेज, म्हणजे प्रोग्रामांचं गाठोडं, मागायचं ते एका आज्ञेनं, दुसरीला दुसऱ्याच, आणि खालच्या ठाण्यावरची ती तिसरी तर दोघींपेक्षा फटकून वागणारी. यादीवाल्यांना तिघींचे स्वभाव तोंडपाठ होते.

नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच गोष्ट बजावत. "काढून टाकू का, असं यंत्र विचारतं तेव्हा आधी यादी दाखवतं. ती शेवटपर्यंत वाचायची. मगच हो म्हणायचं."

घरीही तीच तऱ्हा. झाकण हरवलेला डबा बायकोनं टाकायला काढला की हे विचारणार, "कुणाला लागत नाही ना? नक्की?" ती वैतागायची. "तुमच्याशी संसार करायचा म्हणजे अडगळीशी संसार करायचा," म्हणायची आणि डबा परत फळीवर ठेवायची.

असा हा माणूस एका मंगळवारी यादी न वाचता हो म्हणाला.

खालच्या ठाण्यावर आलेख काढायचं एक जुनं पॅकेज होतं. ते कुणी वापरत नव्हतं, म्हणून कचेरीत बसल्या बसल्या त्यांनी ते काढलं. मग यंत्राला सांगितलं, आता त्याच्यासोबत आलेलं आणि कुणाला न लागणारं जे काही असेल, तेही काढ. सतरा नावं आली. जेवायची वेळ झाली होती. बोट आपोआप होकारावर पडलं. त्या सतरांत अकरावं नाव होतं एका चिमुकल्या पॅकेजचं, ठाण्यावरच्या पहारेकऱ्यानं बटण दाबलं की पुराच्या भोंग्यापर्यंत इशारा पोचवणारं. भोंग्याचा मुख्य प्रोग्राम यादीवाल्यांनी स्वतःच हातानं बसवलेला, त्यामुळे पॅकेजांच्या नोंदीत तो नव्हताच. यंत्राच्या लेखी त्या चिमुकल्याची गरज कुणालाच नव्हती. वरच्या दोन्ही ठाण्यांवर त्यांनी त्याच्यापुढे 'हे मला हवं आहे' अशी खूण करून ठेवली होती. तिसरीकडे ती करायची राहिली होती.

गुरुवारी भर दुपारी पाणी चढलं. भोंगा वाजला नाही. काठावरच्या वीटभट्टीवरची तीन माणसं गेली.

शुक्रवारी सकाळी यादीवाल्यांनी ठाण्यावर जाऊन संगणक तपासला, तर ते चिमुकलं पॅकेज गायब. पण हाताला वळण असं की मोडलेलं दिसलं की दुरुस्त करायचं. डोकं जागेवर यायच्या आत पॅकेज परत बसलं होतं. दोन तासांनी चौकशीचे साहेब ठाण्यावर आले, त्यांनी स्वतः बटण दाबलं, आणि भोंगा दणक्यात वाजला.

"मी दाबलं होतं साहेब," पहारेकरी म्हणत राहिला. "चार वेळा दाबलं."

"दाबलं असतंस तर वाजला असता. जेवून झोपलास, दुसरं काय."

यादीवाले तिथेच उभे होते. पहारेकऱ्याची नोकरी गेली. वाहून गेलेल्या तिघांत त्याचा जावई होता, तेव्हा लेकही गेल्यातच जमा. तिनं बापाचं नाव टाकलं.

आठ महिने यादीवाल्यांनी रोज स्वतःची समजूत घातली, की आज नको, उद्या सांगू. हा भित्रेपणा होता, त्याला दुसरं नाव नाही. मग हुकूम आला की तिन्ही ठाण्यांवर एकच सिस्टीम बसवा आणि जुन्या डिस्क कोऱ्या करा. म्हणजे पुरावा पुसायचं काम सरकारी शिक्क्यानिशी त्यांच्याच हाती आलं.

खालच्या ठाण्यावर खुर्चीत बसून त्यांनी जुनी नोंद उघडली. मंगळवारी काढलं. शुक्रवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बसवलं. दोन्हीपुढे त्यांचंच नाव. यंत्रानं विचारलं, डिस्कवरचं सगळं जाईल, पुसू का? या वेळी त्यांनी नाही म्हटलं. नोंदीच्या दोन प्रती छापल्या, एक सहीनिशी कचेरीत साहेबांच्या टेबलावर ठेवली, आणि दुसरी घेऊन पहारेकऱ्याचं घर गाठलं.

एका खोलीचं घर. पहारेकरी खाटेवर बसून होता, दाढी वाढलेली. यादीवाल्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आता हा अंगावर धावून येईल, असं त्यांना वाटलं. यावं, असंही वाटलं.

पहारेकऱ्यानं नोंदीचा कागद त्यांच्या हातातून घेतला.

"म्हणजे मी झोपलो नव्हतो?"

"नव्हता."

"सगळे म्हणायला लागले ना, तेव्हा मलाही वाटायला लागलं, की डोळा लागला असेल. बटण दाबलं ते स्वप्नातच दाबलं असेल." त्यानं कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "आठ महिने मीच मारलं जावयाला, असं धरून चाललोय मी."

यादीवाले त्याच्यासमोर खाली बसले. माफी मागू लागले.

"ते राहू द्या," पहारेकरी म्हणाला. "तुमचा फोन काढा. माझ्या नंबरवरून लेक उचलत नाही."

त्यानं नंबर सांगितला. एकेक आकडा, न अडखळता. चार वेळा घंटी वाजली आणि पलीकडून एका बाईचा थकलेला आवाज आला, "कोण बोलतंय?"

पहारेकऱ्यानं मान खाली घातली होती.

"ताई, तुम्ही मला ओळखत नाही," यादीवाले म्हणाले. "त्या दिवशी तुमच्या वडिलांनी बटण दाबलं होतं. भोंगा मी बंद पाडला होता."