शिळेवरची चार बोटं

नाथूलाल, म्हणजे आमचे नाथूभिया, धारच्या एका शिळाछापखान्यातले दगडावरचे कारागीर. त्यांचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. आज माझ्या हातून कागदावर जे काही उमटतं ते त्यांच्यामुळे, आणि हे आजवर कुठं छापलेलं नाही, म्हणून लिहायला बसले. मी मराठी तिसरीत शाळा सुटलेली बाई. अक्षर बरं आहे, पण लेख लिहिण्याची सवय नाही. वाचणारांनी सांभाळून घ्यावं.

महिना होऊन गेला. देवासला आमच्या दारात टपालवाल्यानं कार्ड टाकलं, कुणी गेल्याची खबर असली की फाडतात तसा त्याचा कोपरा फाडलेला होता. माझं माहेर फार लांब, कोकणात. वाईट बातमी येईल ती तिकडचीच, असं माझ्या मनानं धरूनच ठेवलेलं. ते उलटायला हात होईना. मग शिक्का पाहिला, तो धारचा होता, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर हायसं वाटलं... त्यानंतर वाचलं, नाथूभिया गेले. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

मी पंधराव्या वर्षी लग्न होऊन धारला आले. आई गेल्यावर धाकट्या भावंडांसाठी शाळा सुटली होती, पण वडील पोथ्या उतरवून देत, त्यांच्या शेजारी बसून बोरू धरायला मी शिकले होते. सासरची माणसं दरबाराबरोबर कधीकाळी इकडे आलेली. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू यायचं आणि मागाहून रडू. ‘भाजीत मीठ कम पडलं’, ‘जरा जल्दी ये’ असं सगळं. हे शिळाछापखान्यात कापी लिहायला होते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. खळ दिलेल्या पिवळ्या कागदावर चरबीच्या शाईनं मजकूर लिहायचा, तो कागद दगडावर पालथा दाबायचा, म्हणजे अक्षरं उलटी होऊन दगडात उतरतात. मग दगड ओला करून वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या दगडाला शाई धरत नाही, चरबी असेल तिथंच धरते. दगडाला कळतं ते एवढंच, पाणी कुठं आणि तेल कुठं.

दुसऱ्या वर्षी ह्यांना हिवताप झाला. ताप उतरला पण उजव्या हाताला कंप राहिला. एका सकाळी नुसता ‘श्री’ काढताना तीन कागद वाया गेले. हे भिंतीकडे तोंड करून बसले. मी चौथा कागद ओढला आणि लिहिला. तेव्हापासून हे कापी घरी आणत, मी लिही आणि हे सकाळी बगलेत मारून नेत. छापखान्याच्या सेठला कळलं असतं तर नोकरी गेली असतीच, वर गावभर झालं असतं की अमक्याची बायको बाजारासाठी लिहिते. दोन वर्षं मी दारावरच्या प्रत्येक थापेला दचकत होते.

मग ती चूक झाली. माहेरच्या गावचा एक माणूस उज्जैनला यात्रेला आला होता, त्याच्याबरोबर वडिलांनी खोबरेल तेलाची बाटली पाठवली. इकडे सगळं तिळाचं आणि सरसूचं, म्हणजे मोहरीचं तेल. थंडीनं बाटलीत दगड झालेलं ते खोबरेल निखाऱ्याशी धरून पातळ केलं आणि चार वर्षांनी डोक्याला लावलं. त्याच्या वासानं घरी जाऊन आल्यासारखं झालं. हात धुतले, पण नुसत्या पाण्यानं. वास जाऊ नये असंही मनात असेल. आणि एका सरदाराकडची लग्नपत्रिका घाईची होती म्हणून तशीच लिहायला बसले. डाव्या हातानं कागद धरला होता. बोटांचं तेल कागदाला लागलं, पण डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नाथूभिया घरी आले. पन्नाशीचे, उंच, नालछा गावाकडचे. मी तोवर त्यांचं नाव फक्त ऐकलं होतं. ओट्यावर बसले, पाणी प्याले, आणि गुंडाळी सोडून एक छापलेला ताव ह्यांच्यापुढे पसरला. मी दाराआडून पाहिलं. ‘यथाविधि’च्या बाजूला कोऱ्या जागेत चार बोटं काळीभोर उमटली होती. नाथूभियांनी ह्यांना आपला हात शेजारी ठेवायला सांगितलं. ह्यांनी ठेवला. काही विचारायची गरजच उरली नाही.

“लेखनजी, थारी एक उंगली में तो ये दो समा जाए,” ते ह्यांना म्हणाले. तुमच्या एका बोटात ही दोन मावतील.

हे पुटपुटले की कागद घरी कुणी हाताळला असेल. त्यावर नाथूभिया शांतपणे म्हणाले की हात बदलला हे त्यांना दोन वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती. पण कुठली रेघ दगड घट्ट धरतो आणि कुठली शंभराव्या प्रतीला सोडतो, हे त्यांच्या रुळाला कळे. नव्या हाताची एकही रेघ दगडानं सोडली नव्हती, म्हणून ते गप्प राहिले होते. आज बोटं उमटल्यावर मात्र त्यांनी दगड बिघडला म्हणून सांगून बाकीच्यांना जेवायला पाठवलं, हा एकच ताव काढला, आणि बोटं दगडावरून खरवडून टाकली होती. मग दाराकडे न बघता ते बोलले ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

“बई, बेसन से हाथ धोजे. और हाथ के नीचे कोरो कागद राखजे. बाकी लिखती रेजे.”

लिहीत राहा असं सांगून ताव ते मागं ठेवून गेले. हे चुलीत घालणार होते. मी मागून घेतला. माझ्या बोटांवर इतक्या रेषा आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं... तळ्यावर वारा फिरावा तशा, एकीत एक. मी लिहिलेल्या अक्षरांत मी कुठंच नव्हते, ती कुणाचीही असती. ती बोटं तेवढी माझी होती. आणि ती काही न रेखता उमटली होती, नुसत्या स्पर्शानं. छापणं म्हणजे एकासारखं दुसरं काढणं, एवढीच माझी समज होती. त्या दिवसापासून ती गेली.

हे मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी हसत नाथूभियांना. नाथूभिया हसले नाहीत. आठ दिवसांनी गोणपाटात गुंडाळून एक कोपरा तुटलेला दगड घेऊन आले. दगडावर वाळू टाकून दुसरा दगड गोल गोल कसा फिरवायचा, जुना मजकूर पुरता जाईपर्यंत का थांबायचं नाही, चरबीची कांडी कशी हलकी धरायची, हे त्यांनी आमच्या अंगणात शिकवलं. मी तुळस काढली, शेजारणीची बकरी काढली. मग उलटी अक्षरं. त्याची गंमत अशी की त्यांना वाचता येत नव्हतं, पण जन्मभर दगडावर उलटीच अक्षरं पाहिल्यामुळे उलट्या अक्षरातली चूक त्यांना चटकन दिसे. ‘यो पग टेढो’ म्हणत, म्हणजे काना वाकडा. सुलट्या कागदाकडे मात्र परक्या घरात आल्यासारखे बघत.

पुढं देवासला हुन्नर-उद्योगांचं प्रदर्शन भरलं. आमच्या छापखान्यानं तिथं दगड आणि यंत्र मांडलं आणि लोकांना छापून दाखवायला नाथूभियांना पाठवलं. एक दुपार बायकांसाठी राखलेली होती, त्या दुपारी येच, असा त्यांचा निरोप आला. इंदूरला मुक्काम करून आम्ही गेलो. यंत्रापुढे बायकांची ही गर्दी. नाथूभिया मान खाली घालून कागद काढत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, फक्त बोटानं पलीकडची खोली दाखवली.

त्या खोलीत मुंबईकडच्या एका वृद्ध चित्रकारांची चित्रं होती. ते हिवाळाभर संस्थानचे पाहुणे होते आणि पाहुण्यांच्या बंगल्याच्या पडवीत दगडावर काम करत. सगळी चित्रं छापलेली. मांडूची खुरासानी चिंच, म्हणजे आपली गोरखचिंच होती, तिचं फुगलेलं खोड नुसत्या काळ्या कणांचं, आणि जवळ गेलं की कण सुटे होत, मागं सरलं की झाड. मी किती वेळा मागंपुढं झाले कोण जाणे. पण खालचं नाव फार वाईट लिहिलं होतं, ‘मांडू’चा उकार भलतीकडेच वळलेला. नाथूभियांनी मला नेमकं त्यासाठी बोलावलं होतं. चित्रकार दगडावर उलटं लिहिणारा हात शोधत होते.

दुसऱ्या दिवशी त्या पडवीत मी तीन ओळी लिहून दाखवल्या. चित्रकारांनी दगडाला आरसा लावून पाहिलं आणि हिवाळाभर काम करायचं कबूल आहे का म्हणून विचारलं, शिकवीनही म्हणाले. मग कामाच्या नोंदीची दरबारची वही उघडून नाव विचारलं. ह्यांचं नाव सांगितलं तर धारची नोकरी शाबूत राहत होती. माझं सांगितलं तर इतकी वर्षं झाकलेलं उघडं पडणार होतं, कारण दरबारची वही दोन्ही गावांत वाचली जाते. हे आपलं नाव सांगायला तोंड उघडत होते, मला दिसलं. त्यांचं तरी काय चुकत होतं? त्यांचंच नाव पडावं अशी माझीही इच्छा होती, पण ती भीतीपोटी.

“नाम बई को लिखो,” दारातून नाथूभिया म्हणाले. “वठे म्हूं देख लूंगा.”

तिथलं मी बघून घेईन. त्या शब्दांवर माझं नाव वहीत पडलं. ह्यांनी धारला जाऊन नोकरी सोडली ती आपण होऊन, बोलणी खायच्या आत. हिवाळा संपल्यावर इथल्या मुलींच्या शाळेनं चित्रांची बाराखडी छापायला मला ठेवून घेतलं आणि ह्यांना किल्ल्या आणि घंटेचं काम मिळालं. नवरात्रात देवीच्या टेकडीला म्हणून नाथूभिया दरवर्षी देवासला येत, माझं काम उन्हात धरून बघत, बारीक चुका काढत. धारला काय चाललंय विचारलं की ‘सब ठीक’ म्हणत. त्यांच्या हातांना भेगा पडत चालल्या होत्या. मी वयाचं म्हणून समजले आणि मेण-तेल कढवून दिलं.

कार्ड आल्यावर आम्ही धारला त्यांच्या घरी भेटून आलो. त्यांची सून माझ्याजवळ बसली आणि ओघात बोलून गेली. माझं नाव वहीत पडलं त्या वर्षी सेठनं विचारलं होतं की बाईचं लिहिणं कुणाकुणाला माहीत होतं. नाथूभिया म्हणाले, मला, पहिल्या दिवसापासून. त्याच दिवशी यंत्र आणि रूळ त्यांच्या हातून गेला, आणि शेवटची अकरा वर्षं ते मागच्या आवारात बसून दगड घासत होते, नव्या कारागिरांसाठी. पाण्यात आणि वाळूत, बारा महिने. घरात सांगून ठेवलं होतं की देवासला कळता कामा नये. सून रागानं बोलत नव्हती, तेच मला सोसवेना.

निघताना मी छापखान्याच्या आवारात गेले. सेठचा मुलगा आता बघतो. त्यानं भिंतीशी उभा असलेला एक दगड दाखवला, त्यांनी घासलेला शेवटचा. मागितला, त्यानं दिला. तो आता माझ्या खिडकीशी आहे. इतका सपाट की हात फिरवला तर कुठं लागत नाही, आणि पहाटेचा उजेड त्याच्यावर दुधासारखा पसरतो. अकरा वर्षांत असे किती दगड त्यांनी कोरे करून दुसऱ्यांच्या हाती दिले असतील. मी अजून त्याच्यावर काही काढलेलं नाही. धीर होत नाही.

छापलेल्या कागदावर मालकाचं नाव येतं, कधी लिहिणाराचं येतं, दगडावरच्या माणसाचं कधीच येत नाही. नाथूभिया, या दगडावर मी एक दिवस चित्र काढीन. ते तुमच्या डोळ्याला पटेल असं झालं की मगच छापीन, त्याला कितीही वर्षं लागोत, आणि त्याच्याखाली तुमचं नाव माझ्या हातानं लिहीन, उलटं, तुम्हाला ओळखता येईल असं.