चांदणीचा रुपया

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि आमच्या घरात किराण्याच्या यादीपासून आहेराच्या वहीपर्यंत सगळं उघडं असतं.

मी याद्या करणारा माणूस. वर्ध्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. कुठला स्क्रू कुठल्या खणात, हे डोळे मिटून सांगेन. नाणी जमवायचा नादही तसाच, शिस्तीतला. विकत घ्यायची नाहीत, हाती आलेल्या चिल्लरीतूनच शोधायची — हा माझा नियम. प्रत्येक साल, आणि सालाखालची टाकसाळीची खूण: कुठे टिंब, कुठे तारा, कुठे काहीच नाही. वहीत चौकटी आखलेल्या. रुपयाच्या पानावरची एक चौकट बारा वर्षं रिकामी होती. त्या सालाचे बिनखुणेचे रुपये हवे तितके सापडले, ताऱ्याचा एकही नाही. पवनारच्या बसमध्ये कंडक्टरने दिलेले सुटे मी चष्मा काढून निरखायचो, लोक हसायचे. हसू देत, नियम म्हणजे नियम — असं मी छाती काढून सांगायचो. कुठल्या तोंडाने?

कारण तो तारा मला चिल्लरीत सापडलाच नाही.

तो सापडला अल्लीपूरला, थोरल्या भावाच्या घरी, महालक्ष्म्यांच्या कलशात. वहिनीचा रुपया. पाठवणीच्या वेळी तिच्या वडिलांनी हातावर ठेवलेला, लग्नाच्याच सालाचा. दर वर्षी ती तो कलशात टाकायची आणि बोळवणीनंतर धुऊन डबीत ठेवायची. चार वर्षांपूर्वी बोळवणीला कलश मी रिकामा केला. माझ्या पाकिटात त्याच सालाचा बिनताऱ्याचा रुपया कायम असे, ताडून पाहायला. मी बदलला. रुपयाच्या जागी रुपया, साल तेच — कुणाचं काय गेलं? हे वाक्य आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या वर्षी वहिनीने डबी उघडली.

"भाऊजी, याच्याखाली चांदणी होती ना? बाबांनी दाखोली होती मले."

सगळे बसले होते. "चांदणी? कधीच नव्हती, वहिनी. नाण्यातलं मले इचारा."

दादा हसला. "हिचंबी आता तिच्या मायसारखं होऊन राह्यलं वाटते."

वहिनी हसली नाही. तिच्या आईने शेवटी पोटच्या पोरीलाही ओळखलं नव्हतं. खरं सांगून टाकायला मला तो एक क्षण पुरेसा होता. मी प्रसादाचं ताट पुढे सरकवलं.

तेव्हापासून ती गॅस बंद केला का, हे तीनदा उठून पाहते. गोष्ट सांगता सांगता थांबते — "का माझीच चूक होऊन राह्यली?" आणि तिच्यासाठी याद्या कुणी केल्या? मी! किल्ल्या कुठे, गोळ्या कधी, कुणाचा नंबर कोणता — ठसठशीत अक्षरात लिहून तिच्या स्वयंपाकघरात चिकटवल्या. नातेवाईक म्हणतात, दीर असावा तर असा. ऐकून डोकं भणाणतं — त्यांच्यावर कशाला चिडू? आणि तुम्हीही आता ‘एक रुपया तर होता’ असं म्हणू नका. तिला बरोबर आठवत होतं. त्या घरात चांदणी आठवणारी ती एकटीच होती, आणि मी तिला तिच्याच डोक्याची भीती घातली. कशासाठी? वहीतल्या एका चौकटीसाठी!

यंदा महालक्ष्म्या मांडताना तिने डबी माझ्या हातात दिली. "तुमीच टाका, भाऊजी. माह्या ध्यानाचा काई भरोसा नाई."

चांदणीचा रुपया माझ्या खिशात होता. परत करायचा म्हणूनच वर्ध्याहून नेला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी डबीतला रुपया कलशात टाकला. तिने वाकून पाहिलं.

"हाच ना, बाबांचा?"

"हाच," मी म्हणालो.