दोन शेंगांचं दुखणं

कुणी भेटलं की आपण "बरं आहे ना?" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे सरकतो. गौराक्काला ते जमायचं नाही. ती समोरच्याचं तोंड निरखून बघायची आणि विचारायची, "काय दुकतंय आज?"

सोलापुरातल्या या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो, त्या दिवशी मी खाली टेम्पोपाशी उभी राहून हमालांवर ओरडत होते. कपाटाचा आरसा फुटेल म्हणून माझा जीव वरखाली होत होता. तेवढ्यात इरकल नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली सत्तरीची एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. नाव नाही, गाव नाही, आल्या आल्या तिनं तोच प्रश्न टाकला. मी म्हटलं, "काही नाही दुखत." तर म्हणते, "कंबर दुकतीय की. हात कुटं हाय बग तुजा." हात खरोखरच कमरेवर होता. मला रागच आला. ओळख ना पाळख, आणि ही बाई माझी कंबर काढते! पाणी मात्र मी गटागटा प्याले.

अक्का तळमजल्यावर एकटी राहायची. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच कानडी शब्द यायचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बसू पुण्याला. माझी सगळी नोकरी मुलींच्या शाळेच्या ऑफिसात झाली. मी कारकून होते, शिक्षिका नव्हते, हे तिला दहादा सांगून झालं, पण शाळेतली म्हणजे बाई, हे तिचं पक्कं होतं. शेवटपर्यंत मला 'बाई'च म्हणाली.

तिच्या भावाच्या शेतातून भुईमुगाच्या शेंगांचं पोतं यायचं. रोज साडेचारला, चहा झाला की, अक्का पार्किंगमधल्या सावलीत सतरंजी टाकायची, शेंगांचं सूप पुढ्यात घ्यायची आणि हाक मारायची, "बर्री गं, या!" दुसऱ्या मजल्यावरची पद्मा यायची. तिचं सासर-माहेर दोन्हीकडचं आयुष्य मागावर कापड विणण्यात गेलेलं, खांदे कायमचे धरलेले. अक्काच्या समोरच्या घरातून हसीनाभाभी यायच्या. त्यांच्या टाचा दुखायच्या आणि घरात नव्वदीची सासू दिवसभर हाका मारायची. शेंगा फोडायच्या, दाणे अक्काकडे द्यायचे, आणि आठवड्याला ती उखळात चटणी कुटून प्रत्येकीच्या घरी डबा पाठवायची.

पण शेंगा फोडणं हे निमित्त. खरा कारभार वेगळाच होता. अक्का प्रत्येकीच्या पुढ्यात एक मूठ शेंगा टाकायची. तेवढ्या शेंगा फोडून होईपर्यंत तिनं आपलं दुखणं सांगायचं. दुसरीनं मध्ये बोलायचं नाही. तिच्या शेंगा संपल्या की दुसरीची पाळी. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे औषध सांगायचं नाही. मला हा नियम ठाऊक नव्हता. पहिल्याच दिवशी पद्मा खांद्याचं सांगत होती, तर मी लगेच म्हटलं, "अगं, निर्गुडीचा पाला बांध." अक्कानं माझ्याकडे असं बघितलं, की मी तोंडच मिटलं.

"बाई, तुजा पाला ऱ्हाऊ दे झाडाला," ती म्हणाली. "आदी तिचं ऐक की. औषध डाक्टर देतंय, ऐकतंय कोण?"

कुणाला किती शेंगा द्यायच्या, हे ती तोंड बघून ठरवायची. सून फ्रीजमध्ये शिळं ठेवते, या तक्रारीला पद्माला पाच-सहा शेंगा मिळायच्या. "त्याला येवडं बास." हसीनाभाभी मोठ्या हुशार. बोलता बोलता सुपातल्या दोन-चार शेंगा हळूच आपल्या ढिगात ओढायच्या. पकडल्या गेल्या की म्हणायच्या, "अक्का, सास का किस्सा अभी बाकी है!" मग अक्का हसून आणखी चार टाकायची. आणि सांगणारीचं संपलं की सल्ला नाही, समजूत नाही, एकच शब्द, "इरली." म्हणजे असू दे. त्या एका शब्दानं काय होतं असं मला वाटायचं. पण उठताना पद्माचे खांदे जरा खाली आलेले दिसायचे, हे मात्र खरं.

मी सहा महिने गुडघ्यावर निभावलं. घरचं चव्हाट्यावर आणायचं नाही, हे माझ्या आईनं आम्हाला पढवलेलं. रोज गुडघा सांगायचा, शेंगा फोडायच्या आणि वर यायचं. खरं दुखणं घरात बसलेलं होतं. आमच्या ह्यांना विसर पडायला लागला होता. दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात सापडायची. एकदा हे नव्या पेठेत बनियन आणायला गेले आणि तीन तासांनी एका रिक्षावाल्यानं त्यांना आणून सोडलं, हातात बनियन नाही, पायात दुसऱ्याच कुणाच्या चपला. मी सासरी असलेल्या मुलीलाही कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खाली गेले तर अक्कानं दोन्ही हातांनी ओंजळभर शेंगा माझ्यापुढे ओतल्या.

"अहो अक्का, गुडघ्याला एवढ्या कशाला?"

"गुडगा न्हाय त्यो," ती म्हणाली. "फोड."

मी फोडायला लागले. पहिल्या दहा-बारा शेंगा नुसत्याच फोडल्या. मग कसं कोण जाणे, बनियनपासून सुरुवात झाली आणि मी थांबेचना. रडले, नाक पुसलं, परत फोडलं. संपल्यावर अक्का म्हणाली, "इरली." त्या दिवसापासून आमचे हे फाटकापाशी घुटमळायला लागले की कुठून तरी हाक यायचीच. "भाईजान, चाय पीके जाव." "अण्णा, जरा हा पंखा बघता का?" तेही खुशीनं जायचे. आपल्याला कुणी राखतंय, हे त्यांना कधी कळलं नाही.

आणि अक्काचं स्वतःचं दुखणं? तिची पाळी शेवटी यायची. ती सुपातून मोजून दोन शेंगा उचलायची. "माजं काय, दोन शेंगांचं दुकणं." मग एखादं वाक्य. मुंगळा चावला. नळाला पाणी उशिरा आलं. झालं, सूप उचला. आम्ही म्हणायचो, बाई किती सुखी! आम्हा तिघींना शहाणपणाची हौस, पण दोनच शेंगा का, हे एकीलाही सुचलं नाही. पुढे ती मुठीऐवजी वाटीनं शेंगा घालायला लागली. उखळ पद्माकडे दिलं, "तुमी बी शिका की चटणी, मी काय जलमभर पुरणार हाय?" मला तर तिचं कौतुकच वाटलं.

एकदा सतरंजी झटकली आणि अक्का बसायची तिथून एक न फोडलेली शेंग पडली. मग आणखी एक. ती रोज दोन शेंगा हातात धरायची आणि न फोडताच मांडीखाली सारायची. मी दाणे ठेवायच्या निमित्तानं तिच्या स्वयंपाकघरात गेले. भाकरीची परात कोरडी ठणठणीत, तिच्यावर धूळ. ज्वारीच्या पिठात जाळी झालेली. ओट्यावर दुकानातल्या कडक भाकरीचा पुडा आणि दुधाची वाटी. या बाईच्या हातची कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ, आणि विकतच्या भाकरीला ती पत्रा म्हणायची!

मी मागे वळले तर ती दारात उभी. मी तिचे हात पदराखालून ओढून घेतले. बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेले, मूठ मिटत नव्हती.

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

"आणि आम्हाला बोलला नाहीत? आमच्याकडून एवढं वदवून घेता आणि स्वतः?" मी चिडलेच होते.

"बसूला कळलं तर न्हेतंय मला," ती म्हणाली. "पोरगं गुणाचं हाय, सून बी चांगली. गेल्ते की म्हयनाभर. बाराव्या मजल्यावर ठिवलं, पंखा, टीवी, समदं. रोज इचारत्यात, 'आई, बरी आहेस ना?' त्याला व्हय म्हणायचं आसतंय बाई. दुसरं काय म्हणणार? म्हयनाभर मी नुसतं व्हय, व्हय म्हणत बसले." मग तिनं मला शपथ घातली. "सांगू नगंस त्येला. मला हितंच ऱ्हाऊ दे."

मी शब्द दिला. आम्ही तिघींनी भाकरी वाटून घेतली, एकीनं सकाळची, एकीनं संध्याकाळची, एकीनं भाजी. तिची पाळी आली की तिच्या पुढ्यात आता मूठभर शेंगा पडायच्या, आणि ती बोलायची तोवर त्या मी फोडायचे. पाच महिन्यांचं साठलेलं होतं. डब्याची झाकणं, पोलक्याचे हूक, वेणी. वेणी घालता येत नाही, हे सांगताना तिचा आवाज फुटला.

असे दोन महिने चालले. मग मे महिन्यात, सोलापूरच्या त्या भट्टीत, अक्का एका दुपारी पायात लोकरीचे मोजे घालून सतरंजीवर आली. हसीनाभाभी हसायला लागल्या. मला हसू आलं नाही. मी खाली बसून मोजा काढला. पावलावर हे एवढे फोड. चहाचं भांडं हातातून निसटलं होतं, सकाळीच. हाक मारली असती तर आम्ही धावलो असतो, पण तिनं वरून हळद दाबली आणि मोजा चढवला होता.

तिला दवाखान्यात नेऊन, मलमपट्टी करून आणलं. ती झोपली, आणि मी तिच्या फोनमधून बसूचा नंबर काढला.

का केला फोन? लोकांना मी सांगते, तिच्या जिवाची काळजी वाटली. ते खोटं नाही. पण पूर्ण खरं असं, की मी दमले होते. घरात एक माणूस गॅस चालू ठेवून विसरणारा, खाली एक बाई जिच्या हातात भांडं राहत नाही. दोन्हीकडे कान लावून जगायची ताकद माझ्यात उरली नव्हती. पद्माला विचारलं नाही, हसीनाभाभींना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या.

बसू दुसऱ्याच दिवशी आला. आईचे हात बघून तो रडला. त्यानं काही चूक केलं नाही. चार दिवसांत आवराआवर झाली. ते चार दिवस मी खाली गेलेच नाही. ह्यांची तब्येत बरी नाही, असा निरोप धाडला. कोणत्या तोंडानं तिच्यासमोर जाणार?

निघायच्या दिवशी भरउन्हात हसीनाभाभी वर आल्या. "चलो. अक्का गाडीत बसंना. बोलती, बाईला आण." खाली गेले तर गाडीचं इंजिन चालू, सामान भरलेलं, आणि अक्का सतरंजीवर बसलेली, पुढ्यात सूप. मी समोर बसले. तिनं वाटी घेतली नाही. ती वाकडी बोटं सुपात घातली, ओंजळ केली आणि माझ्या मांडीवर शेंगा ओतल्या. निम्म्या बोटांतून गळाल्या, त्या तिनं परत गोळा करून टाकल्या.

"घे. आज तुजं लांबणार."

मला शेंग दिसेना. "अक्का, फोन मी केला हो."

"ठाऊक हाय की. माजा पाय बसूला काय कावळ्यानं सांगितला? फोड तू."

मी फोडत गेले आणि सांगत गेले. शब्द मोडल्याचं सांगितलं, दमल्याचं सांगितलं, तिचं ओझं वाटलं हेसुद्धा सांगितलं, जे आजवर मी स्वतःशीही बोलले नव्हते. बसू गाडीपाशी उभा होता. त्यानं जाऊन इंजिन बंद केलं. शेवटची शेंग फुटेपर्यंत अक्का माझ्याकडे बघत होती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि तिला जायचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

"संपलं?"

"संपलं."

"मग इरली," ती म्हणाली, आणि बसूचा हात धरून उठली.

आठ दिवसांनी, आम्ही तिघी सूप मांडून बसलेलो असताना, माझा फोन वाजला. अक्का! फोन सतरंजीवर ठेवून स्पीकर लावला आणि मी घाईघाईनं विचारलं, "अक्का, बऱ्या आहात ना?"

"व्हय," ती म्हणाली.

पलीकडे टीव्हीचा आवाज तेवढा येत होता. पद्मानं मला कोपरानं ढोसलं. हसीनाभाभींनी फोन उचलून तोंडाशी धरला आणि दमच दिला, "अक्का, आज क्या दुखरा, बोलो!"

एक लांब श्वास ऐकू आला. मग अक्का बोलायला लागली. मी मूठभर शेंगा घेतल्या आणि तिच्या वाटणीच्या फोडायला सुरुवात केली. त्या संपल्या, तरी ती बोलतच होती. मी सूप जवळ ओढलं आणि दुसरी मूठ घेतली.