जेवूनच आला असाल ना?

दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला मी विचारलं, "जेवूनच आला असाल ना, बाबा?"

वाक्य तोंडातून गेलं ते गेलंच. माझ्या हाताला अजून वरणभाताचा वास येत होता. ढेकरही अजून यायचा होता. आणि भर दुपारी फाट्यापासून चालत आलेल्या माणसाला मी त्याच्या जेवणाची बातमी त्यालाच देत होतो.

बाबांनी पटका काढून तोंड पुसलं. "व्हय व्हय," ते म्हणाले, "झालं की."

हे बाबा म्हणजे मेंढरंवाले बाबा. मला कळायला लागल्यापासून दरवर्षी दिवाळी सरली की त्यांची मेंढरं महाळुंग्याच्या आमच्या रानात दोन रात्री बसायची. आमच्या रानाला खत, त्यांच्या मेंढरांना चारा. हा झाला व्यवहार. पण आल्या दिवशीचं बाबांचं जेवण आमच्या घरी, हा व्यवहार नव्हता, तो माझ्या आईचा कायदा होता. आईचे कायदे मोजके होते, पण एकालाही पळवाट नव्हती. आलेल्या माणसाला आधी तांब्याभर पाणी, मग पाय धुवायला पाणी, मग ताट. मध्ये प्रश्न नाही. "जेवता का, असं इचारलं की माणूस नगंच म्हणतो," ती म्हणायची. "मग इचारायचंच कशाला?"

या कायद्यापायी रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या पडायच्या. भीमाशंकरला पायी निघालेले, मोटार बंद पडलेले, पत्ता चुकून आमच्या वस्तीवर आलेले, ज्याचा पाय दाराला लागेल त्याच्या त्या भाकऱ्या. कुणीच आलं नाही तर संध्याकाळी गाईला. आई रानात गेलेली असली तर दार नुसतं लोटलेलं असायचं. बाबांसारखी जुनी माणसं आत जाऊन हातानं घेऊन खायची.

आमच्या घरच्या पाहुणचाराचं गावात नाव होतं, आणि ते निघालं की छाती माझी फुगायची. त्यात माझा वाटा काय, तर आवाजाचा. पाहुण्याच्या शेजारी खाटेवर बसून मी आत हाक मारायचो, "पाणी आणा गं. ताट वाढा." आधी आई उठायची, लग्न झाल्यावर बायको उठायला लागली. पंचवीस-तीस वर्षं मी असा अखंड पाहुणचार केला, जागचं न हलता.

त्या रविवारी हाक ऐकायला आत कुणी नव्हतं. आई आषाढात गेली. मुलगी अवसरीला इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहते, तिला डबा द्यायला बायको सकाळीच गेली होती. जाताना माझं ताट वाढून, झाकून ठेवलं होतं. ते मी संपवलं. त्या ताटापलीकडे घरात अन्न असतं का, असलं तर कुठे असतं, हा प्रश्न मला पन्नास वर्षांत कधी पडला नव्हता. त्या दिवशी पडला, तर तो मी बाबांच्याच गळ्यात घातला.

बाबा खाटेवर टेकले. "आक्का कुठंय?"

मी भिंतीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. ते उठून आईच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले, मग परत येऊन बसले आणि पटक्याची घडी घालत राहिले. घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मला कुणी सांगितलंच न्हाई," ते म्हणाले.

"कळवायला पाहिजे होतं," मी म्हणालो. पण कुठे कळवणार होतो? चाळीस वर्षं आमच्याकडे जेवलेल्या माणसाचा फोन नंबर आमच्याकडे नव्हता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "यंदा मेंढरं दिसली नाहीत."

"इकली, भाऊ. पोरं चाकणला कंपनीत जात्यात, माझं गुडघं गेलं. समदी इकून टाकली." मग फोटोकडे बोट करून म्हणाले, "हिला सबूद दिला व्हता. मेंढरं इकली की एकदा मोकळा यीन, निवांत बसून जेवीन. मला म्हणायची, दादा, तू नुसता गिळतूस आन पळतूस मेंढरांमागं, माझ्या घरी तू जेवलाईसच कवा? म्हणून आलो."

आता तरी मी उठायला हवं होतं. पण बाबा आत्ताच म्हणाले होते ना, जेवण झालं म्हणून? त्या खोटेपणाला मीच धरून बसलो. जेवा म्हणालो असतो तर वाढावं लागलं असतं.

"चहा घेणार का?" मी विचारलं. म्हणजे पुन्हा विचारलंच.

"नगं."

खाटेजवळ ठेवलेल्या तांब्यातलं पाणी त्यांनी सगळं संपवलं, फोटोला हात जोडले, "येतो आक्का" म्हणाले आणि गुडघा दाबत पायरी उतरले.

घरात मला बसवेना. अर्ध्या तासानं गाडी काढून फाट्यावर गेलो. बाबा टपरीच्या बाकावर बसले होते आणि बिस्किटं चहात बुडवून खात होते, एकामागून एक. अर्ध्याहून जास्त पुडा संपला होता. जेवलेला माणूस असा खात नाही.

"बाबा, घरी चला," मी म्हणालो. "मी करतो काहीतरी."

"आता यष्टी यील, भाऊ."

"पुढच्या गाडीनं जा."

"नगं राव. झालं माझं." ते सरकले, बाकावर मला जागा केली आणि टपरीवाल्याला म्हणाले, "आजून एक कप दे रं, पावण्याला."

मला त्यांनी विचारलं नाही. कप माझ्या हातात दिला, पुडा माझ्यापुढे सरकवला. "घ्या. उन्हाचं आलाय."

मी घेतला. भरल्या पोटानं, उपाशी माणसाच्या पुड्यातलं बिस्किट खाल्लं. तोंडात ते फिरत राहिलं. तेवढ्यात यष्टी आली. दांडी धरून बाबा वर चढले. पुन्हा या, असं मला म्हणायचं होतं. पण कशासाठी या? मेंढरं नाहीत, आई नाही, आणि घरात मी आहे. गाडी गेली. टपरीवाला म्हणाला, तुमचेही पैसे बाबांनी दिलेत.

संध्याकाळी बायको आली. मी सगळं सांगितलं. लपवण्याजोगं होतं, पण लपवलं नाही. हात उंच करून तिनं फ्रिजवरची दुरडी खाली काढली आणि वरचं फडकं बाजूला केलं. आत दोन भाकऱ्या होत्या, लसणाची चटणी, एक कांदा.

"या कुणाच्या?" मी विचारलं.

"रोजच्याच."

आईबरोबर त्या दोन भाकऱ्याही गेल्या, अशी माझी समजूत होती. आषाढापासून त्या रोज माझ्या डोक्याच्या उंचीवर होत्या, आणि रोज संध्याकाळी गाईच्या पुढे जात होत्या.

भाकऱ्या घेऊन ती गोठ्याकडे निघाली. दारात थांबली.

"तुमाला काय इचारायचंच व्हतं," ती म्हणाली, "तर दुरडी कुठंय ते इचारायचं त्यांना. त्यांना म्हाईत व्हतं."