निशाण लागलं का?

नाशिकच्या स्टँडवरून सकाळची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर बहिणीनं दिलेल्या दशम्यांचा डबा होता आणि पायाशी कुणाची तरी कोंबडी होती. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती, मला निवृत्त होऊन दोन महिने. आठ दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे आलो होतो. गोदाकाठ पाहून झाला, काळ्या रामाचं देऊळ पाहून झालं, त्या देवळाच्या पायऱ्यांचे सांधे बोटानं चाचपूनही झाले. मग एका दुपारी बहीण म्हणाली, "दादा, तुला दगडच बघायचेत ना? मग वाघजाईचा कडा बघ. चैत्री पौर्णिमेला एक माणूस दोराशिवाय चढतो आणि शेंड्यावर देवीच्या ठाण्याला निशाण लावतो."

"दोराशिवाय?" मी म्हणालो. तिकीट तिथंच निघालं म्हणायचं.

साताऱ्याकडच्या माझ्या मित्रांना माझा स्वभाव ठाऊक आहे, नवख्या वाचकांसाठी सांगतो. तीस वर्षं मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. पाया खणला की स्वतः खाली उतरायचं, पहारीनं ठोकायचं, आवाजावरून खडक लागला की नाही ते ओळखायचं. ठेकेदार कितीही गोड बोलला तरी पोकळ जागेवर चिरा बसू द्यायचा नाही. ही खोड इतकी मुरली की कुणी "देवावर भरवसा ठेवा" म्हणालं, तर मी मनात विचारायचो, खाली खडक लागलाय का? उत्तर कधी मिळालं नाही. त्यामुळे देवळात मी खांब बघायचो आणि बाहेर यायचो.

दिंडोरीपर्यंत दोन्ही अंगाला द्राक्षांचे मांडव होते. छाटणीची कामं चालली होती आणि बांधावर तोडलेल्या काड्यांचे ढीग पडले होते. वणी मागं पडली तसे मांडव संपले आणि डोंगर पुढं आले. काळे, माथ्यावर सपाट, सगळी पानं झडलेल्या सागांत उभे. हवेत मोहाच्या फुलांचा गोड, आंबूस वास भरून राहिला होता. कंडक्टरनं एका फाट्यावर घंटी मारली. "वाघजाईवाले उतरा! उद्या सकाळी हीच गाडी परत फिरती, चुकवू नका."

फाट्यापासून तासाभराची चाल. पुढं बायका डोक्यावर टोपल्या घेऊन, पुरुष खांद्यावर घोंगडी टाकून. शेवटच्या पाड्याला (वस्तीला) वळसा घातला आणि कडा एकदम समोर आला. मी चालायचा थांबलो. मागच्या माणसाचा मला धक्का बसला, तरी मी हललो नाही. आयुष्यात मी पुष्कळ दगड पाहिला, पण असा नव्हता पाहिला. जमिनीतून सरळ वर गेलेले काळ्या पाषाणाचे तीन टप्पे, दोन टप्प्यांच्या मध्ये वाळक्या गवताची एकेक अरुंद पट्टी, आणि सगळ्यांच्या वर, मान मोडेपर्यंत पाहिलं तर दिसणारा शेंडा. माझी सगळी मोजमापं तिथं तोंडात मारल्यासारखी गप्प झाली.

पायथ्याच्या देवळापाशी पोचलो आणि चपलेचा अंगठा तुटला. माणसं चढण चांगली दिसावी म्हणून समोरच्या टेकाडावर निघाली होती. करवंदीच्या काट्यांतून अनवाणी तिकडं जाणं मला झेपणारं नव्हतं. मी मुकाट्यानं एका आंब्याखाली बसलो. तिथं तीन दगडांची चूल मांडून एक बाई नागलीच्या (नाचणीच्या) भाकरी थापत होती. पन्नाशीची, सावळी, हातावर गोंदण. एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. सगळं जग कड्याकडे तोंड करून उभं होतं आणि ही बाई कड्याकडे पाठ करून बसली होती.

"बाई, तुम्हाला बघायचं नाही?" मी विचारलं.

"मला नाय बघता येत, भाऊ. निशाणकऱ्याच्या घरातल्या बाईनं पाठ करून निवद रांधायचा. निशाण लागलं की भगत पावरी वाजवायला सांगतो. मंग वळायचं."

भगत म्हणजे देवीचं सगळं करणारा गावातला म्हातारा. तो देवळाच्या ओट्यावर बसला होता. त्याच्याजवळ एक जण पावरी (भोपळ्याला शिंग जोडून केलेलं लांब वाद्य) मांडीवर घेऊन तयार होता. आणि निशाणकरी, म्हणजे तो कडा चढणारा, या बाईचा मुलगा होता. बाईचं नाव भागाबाई, मुलाचं काशिनाथ. वय तिशीचं, त्याला दोन लेकरं. त्याच्या चुलत्यानं पुष्कळ वर्षं निशाण लावलं. यंदा त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, म्हणून काशिनाथची ही पहिलीच खेप.

"आणि चुलत्याच्या आधी?"

"ह्याचा बाप." तिनं भाकरी उलटली. "उतरताना पडला. मधल्या टप्प्यावरनं. निशाण लागलं व्हतं, पावरी वाजली, मी वळले आन बघितलं."

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला ती शिस्त नाही. "तुमच्या देवीनं तुमचा नवरा नेला," मी म्हणालो, "आणि तिच्याच भरवशावर तुम्ही मुलगा पाठवलात?"

बोलून गेलो आणि मला माझीच लाज वाटली. भागाबाईला राग आला नाही. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"तीन वर्सं मी हितं पाऊल टाकलं नाय," ती म्हणाली. "म्हनलं, तुझं माझं संपलं. शेत व्हतं, पोर व्हतं, दीर चांगला व्हता. समदं व्हतं, भाऊ. पर उठून उभी राह्याला गेले की हात टेकायला जागाच नाय. कशाला धरावं तेच कळंना. मंग एक दिस आले. ती हितंच व्हती."

"नवरा दिला का तिनं परत?"

"नाय," ती म्हणाली. "पर त्यानंतर मी पडले नाय."

"आणि आज भीती वाटत नाही?"

"वाटती की! हे बगा." तिनं परातीतली भाकरी दाखवली. एक कड जाड, एक पातळ, मध्ये चीर. "रोज अशी करते व्हय मी?"

तेवढ्यात देवळात वाजणारा संबळ थांबला. काशिनाथ देवळातून बाहेर आला. अंगावर फक्त धोतर, पाठीला निशाणाची गुंडाळलेली काठी बांधलेली. आईच्या पाठीमागून तो गेला, पण थांबला नाही आणि तीही वळली नाही. पहिला टप्पा तो शिडी चढावी तसा चढला. दुसऱ्यावर मंद झाला. हात आधी, मग पाय, मग तिसरा आधार पक्का झाला की चौथा. माझ्या लक्षात आलं की हा माणूस धाडस करत नाहीये, तो काम करतोय. शेकडो माणसं टेकाडावर होती, पण कावळ्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

दुसरी गवताची पट्टी ओलांडून त्यानं तिसऱ्या टप्प्याला हात घातला, बराच वर गेला आणि थांबला. मूठ वळून त्यानं डोक्यावरच्या दगडावर ठोकलं. कान लावला. थोडं डावीकडे सरकून पुन्हा ठोकलं. मला इथून आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तो काय ऐकतोय हे त्या सगळ्या गर्दीत बहुधा मला एकट्यालाच कळत होतं. शेंडा त्याच्यापासून दोन पुरुष उंचीवर होता. त्यानं वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग त्याचा पाय खाली आला.

टेकाडावर कुजबुज उठली. भागाबाईचे हात थांबले.

"काय झालं, भाऊ?"

तिला कुणी काही सांगायचं नसतं, हे मला माहीत नव्हतं. "परत फिरलाय," मी म्हणालो. "वरचा दगड पोकळ असावा."

पिठाच्या गाडग्यात हात घालून तिनं आणखी दोन मुठी पीठ परातीत घेतलं. "मंग आणखी थापते," ती म्हणाली. "लवकर यील. भूक लागलेली आसंल."

काशिनाथ खाली त्याच गवताच्या पट्टीवर आला. पाठीची काठी सोडून त्यानं ती तिथल्याच एका फटीत रोवली, दगड ठोकून घट्ट केली आणि कापड मोकळं केलं. लाल निशाण शेंड्यावर न फडकता मधेच फडकू लागलं. टेकाडावरून कुणीतरी ओरडलं, "असं कधी झालं न्हवतं! वर नाय गेलं निशाण!" दुसरा म्हणाला, "गावाला भोवंल हे." पावरीवाला भगताकडे बघत राहिला. भगत कड्याकडे बघत राहिला. पावरी वाजली नाही, म्हणजे निशाण लागलं नाही, म्हणजे भागाबाईनं वळायचं नाही, आणि मुलगा तर अजून वरच होता.

मग तीच बोलली. मोठ्यानं, पाठ तशीच ठेवून. "भगतबाबा, निशाण लागलं का?"

भगतानं डोळ्यांवर हाताची सावली धरली. तो चिडेल असं मला वाटलं. त्याच्या उभ्या आयुष्यात, त्याच्या बापाच्याही आयुष्यात निशाण शेंड्याखाली लागलं नसणार. मग तो ओट्यावरून उठला आणि त्यानं दोन्ही हात जोडले.

"लागलं," तो म्हणाला. "वाजव रं."

पावरी वाजली. तो आवाज कड्यावर आपटून परत आला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते का आलं हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. भागाबाई वळली. काशिनाथ मधल्या टप्प्यावर उतरत होता, ज्या टप्प्यावरून त्याचा बाप पडला त्याच टप्प्यावर. तिनं नजर काढली नाही. पिठानं माखलेला उजवा तळहात तिनं जमिनीवर दाबून धरला आणि ओठ हलवत राहिली. एकदा त्याच्या पायाखालून खडा सुटला आणि खडखडत खाली आला. टेकाडावरच्या बायका किंचाळल्या. भागाबाईचा तळहात आणखी दाबला गेला. त्याच्या पायाला जमीन लागली तेव्हा तिनं हात उचलला, आणि मातीत पाची बोटांचा ठसा खोल उमटला होता.

काशिनाथ घामानं निथळत आला आणि आधी भगताच्या पायांशी वाकला.

"वरला दगड सुटलाय, बाबा. पार पोकळ वाजतो. हात टाकला आसता तर त्यो आन मी, दोघं खाली आलो आसतो."

"मंग काय केलंस?"

"काय करनार? देवीलाच म्हनलं, माय, मला वर येता येत नाय. तूच खाली ये."

भगत हसला. दात नसलेलं, लहान लेकरासारखं हसू होतं ते. तो टेकाडावरून उतरून आलेल्या गर्दीकडे वळून म्हणाला, "आली ती. पाया पडा." आणि 'भोवंल' म्हणणाऱ्यासकट सगळी माणसं त्या गवताच्या पट्टीकडे बघून जमिनीला टेकली. काशिनाथ आईशेजारी येऊन बसला. ती त्याच्या पाठीवरचे काठीचे वळ चाचपत राहिली. मग तिनं त्याला भाकरी वाढली आणि मलाही वाढली, वर मिरचीचा ठेचा. एक कड जाड, एक पातळ. इतकी चवदार भाकरी मी पुन्हा खाल्लेली नाही.

रात्र पाड्यावर काढून सकाळी दोरीनं बांधलेल्या चपलेनं फाट्यावर आलो. वाटेत विचार चालूच होता. मी आयुष्यभर पाया तपासला तो इमारत पडू नये म्हणून. काही पडणार नाही, अशी खात्री या माणसांना कुणी दिली नव्हती आणि त्यांनी ती मागितलीही नव्हती. भागाबाईचं तर एकदा सगळं पडून झालं होतं. त्या पडझडीच्याही खाली तिला काहीतरी लागलं होतं, आणि ती त्यावर उभी होती. मुलाला शेंडा सोडून माघारी येण्याचं बळ त्याच जागेतून आलं. शेकडो माणसांसमोर परत फिरणं मला तरी जमलं नसतं. मी वर हात टाकला असता.

गाडी आली. कंडक्टर कालचाच होता. वळणावर कडा दिसू लागला तसे त्यानं हात जोडले, शेंड्याकडे पाहिलं आणि तो दचकला. "अरेच्चा! निशाण कुठाय? लागलं नाय का यंदा?"

"लागलंय," मी म्हणालो. "जरा खाली बघा, गवताच्या पट्टीवर."

त्याला ते सापडलं. "खाली कसं काय?"

"त्याला वर जाता येईना," मी म्हणालो, "म्हणून ती खाली आली."

कंडक्टरनं मान डोलावली, त्या पट्टीला नीट नमस्कार केला आणि तिकिटं फाडायला पुढं गेला. मी मात्र जागच्या जागी बसून राहिलो. हे वाक्य मी बोललो होतो, आणि बोलताना मला एकदाही वाटलं नव्हतं की मी दुसऱ्या कुणाचं म्हणणं सांगतो आहे. नाशिक येईपर्यंत मी ते सगळीकडून ठोकून पाहिलं. ते कुठंही पोकळ वाजलं नाही.